धक्का कोणी दिला?

कोणाच्या हातून चहा सांडला, दार आपटलं, ट्रेमधली कात्री खाली पडली, की डॉक्टर मान न वळवता विचारायचे, "धक्का कोणी दिला?" आवाज मोठा नसायचा. मोठा असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला मनात दोन शिव्या दिल्या की आपण मोकळे होतो. हे विचारायचे आणि थांबायचे. ज्याने दिला तो पुढे येऊन कबूल करेपर्यंत सगळं काम थांबलेलं.

असा माणूस तुम्हीही एखाद्या कचेरीत किंवा शाळेत पाहिला असेल. फरक इतकाच, की तिथे धक्क्याने शाई सांडते.

क्रमाने सांगते, म्हणजे गोंधळ होणार नाही. साठ सालाच्या अलीकडची-पलीकडची वर्षं. बंगळुरातल्या एका मोठ्या इस्पितळात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. मुलांच्या हृदयात जन्मतः भोक असतं, ते शिवायला आमच्याकडे नुकती सुरुवात झाली होती. हृदय उघडायचं तर रक्त थांबवावं लागतं, आणि रक्त थांबलं की तीन-चार मिनिटांत मेंदू जातो. हृदयाचं काम बाहेरून करणारं यंत्र आमच्याकडे आलेलं नव्हतं. म्हणून मुलाला आधी गार करायचं. भूल देऊन बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेवायचं, सदतीस अंशांवरून बत्तीसवर आणायचं, मग उचलून टेबलावर घ्यायचं. बाहेर काढल्यावरही अंग थोडा वेळ गार होतच राहतं आणि तीसच्या आसपास थांबतं. तिथे सर्जनला आठ मिनिटं मिळतात.

यात भीती एकच. गार झालेलं हृदय चिडकं होतं. अठ्ठावीसच्या खाली गेलं, की ठोके द्यायचं सोडून ते नुसतं थरथरतं. पडद्यावरची हिरवी रेघ एकसारखी वर-खाली चाललेली असते, ती अचानक लहान मुलाने पाटीवर गिरगटावं तशी होते. थरथरणाऱ्या हृदयातून रक्त पुढे जात नाही. आणि आम्ही सगळे असं मानत होतो, की गार हृदय थरथरायला एवढासा धक्काही पुरतो.

ते थरथरू द्यायचं नाही, हे डॉक्टरांचं काम. ते भूल देणारे होते. पन्नाशीचे, काटकुळे, उजवा गुडघा जरा धरलेला. टबाच्या खोलीतून थिएटरमध्ये जाताना एक उंबरठा होता, अर्ध्या बोटाएवढा. त्यांनी पहिल्याच आठवड्यात तो तासून घेतला. तरी प्रत्येक केसच्या आधी ते धरलेला गुडघा जमिनीला टेकवायचे आणि तिथून तळहात फिरवून बघायचे. उठताना त्यांना टेबलाचा आधार लागायचा. तो आधार आम्ही कोणी दिला, तर चिडायचे.

घराणं बंगळुरातलंच, कैक पिढ्यांचं. घरात मराठी, पण मधे-मधे कन्नड शब्द असे बसलेले, की ते परके आहेत हे त्यांना ठाऊकही नसावं. हाउस सर्जनांना ते इंग्रजीत झोडपायचे, उचलणाऱ्या माणसांना कन्नडात, आणि मला मात्र खास मराठीत.

"सिस्टर, तुमच्या बेळगावात माणसं उचलतात की बटाट्याची पोती?"

"माणसं, डॉक्टर."

"मग स्वल्प तसं उचला."

मला मराठीत बोलतात हा मान आहे, हे समजायला मला दोन वर्षं लागली. समजल्यावरही त्याचा काही उपयोग झाला नाही.

दर गुरुवारी दुपारी उचलायची तालीम असायची. कॅनव्हासच्या झोळीवर मुलाच्या वजनाचं नाचणीचं पोतं, त्यावर फळी, आणि फळीवर काठोकाठ भरलेले सात पेले. सहा जण बाजूंनी आणि डोक्याकडे डॉक्टर स्वतः. रिकाम्या टबातून उचलायचं, सहा पावलं चालायचं, टेबलावर टेकवायचं. ज्याच्या बाजूचा पेला हिंदकळला, त्याने सगळ्यांसमोर जमीन पुसायची. हाउस सर्जन असो की झाडूवाला. पुसून झाल्यावर उभं राहून मोठ्याने म्हणायचं, "माझ्या हातून मूल गेलं."

पुटपुटून चालायचं नाही. एका नव्या नर्सला त्यांनी ते चार वेळा म्हणायला लावलं. चौथ्यांदा ती रडत म्हणाली. डॉक्टर म्हणाले, "सरी," म्हणजे ठीक. "आता पुढच्या वेळी हात रडणार नाहीत."

त्यांचा स्वतःचा पेला कधी हिंदकळला नाही. हेही लिहून ठेवते, कारण ते खरं आहे.

प्रत्येक केसचा तक्ता ठेवण्याचं काम माझ्याकडे होतं. नाव, वय, वजन, टबात किती वाजता, बाहेर किती वाजता, बाहेर काढताना किती अंश, सगळ्यात खाली किती गेलं, उचलणारे कोण. शेवटचा रकाना डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने आखला होता. त्याचं नाव 'धक्का'. कोणी दिला त्याचं नाव तिथे, नाहीतर 'नाही'. आणि नियम असा, की त्या रकान्यात ज्याचं नाव आलं, तो पुन्हा त्या खोलीत यायचा नाही.

पहिलं नाव आलं मुनियप्पाचं. आमचा सगळ्यात भरवशाचा उचलणारा. मूल चिकपेटच्या एका कापडवाल्याचं, गोल गालांचं, आठ वर्षांचं. टेबलावर टेकवल्यानंतर थोड्याच वेळात पडद्यावर गिरगटा झाला. डॉक्टरांनी विचारलं, "धक्का कोणी दिला?" मुनियप्पा पुढे आला. ओल्या जमिनीवर त्याची टाच घसरली होती, एक इंच. त्याने स्वतः सांगितलं नसतं, तर कोणाला कळलंही नसतं. सर्जनांनी छाती उघडून हृदय हाताने दाबत ठेवलं, कोमट पाणी ओतलं, विजेचे झटके दिले. तिसऱ्या झटक्याला ठोके परत आले. मुलगा वाचला आणि पंधरा दिवसांनी घरी गेला. त्याच्या बापाने सगळ्यांना धोतरजोड्या दिल्या.

मुनियप्पाला मिळाली नाही. तो त्याच दिवशी गेला होता.

मी डॉक्टरांना म्हटलं, "मूल तर वाचलं."

"मूल सर्जनांनी वाचवलं. मुनियप्पाने मारलं होतं. तुम्ही नाव लिहिलंत ना?"

"लिहिलं."

"मग झालं."

इस्पितळात दुसरीकडे त्याला काम द्या, असं मी वर सांगून पाहिलं. डॉक्टरांनी ते होऊ दिलं नाही. म्हणाले, धक्का देणारा हात औषधांच्या खोलीतही नको. मुनियप्पाला शेवटी शिवाजीनगरकडच्या बर्फाच्या कारखान्यात काम मिळालं. तिथूनच आमचा बर्फ यायचा. त्यामुळे ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सहाला मागच्या दाराशी हातगाडी घेऊन तोच उभा. गोणपाटात आणि भुशात गुंडाळलेल्या बारा लाद्या एकेक करून आत आणायचा, टबाच्या खोलीच्या दारापर्यंत. दाराच्या आत नाही. डॉक्टर त्याच्या बाजूने जायचे, पण बघायचे नाहीत.

मग पद्मा आली. अकरा वर्षांची, शिवाजीनगरातल्या एका शिंप्याची मुलगी. हातापायांच्या काड्या. डॉक्टरांनी तिला बघितलं आणि तारीख पुढे ढकलली. काडीसारखं मूल बर्फात टिकत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. आम्हा सर्वांचंच होतं. धष्टपुष्ट मूल आलं की आम्हाला हायसं वाटायचं.

"आधी हिला मांस चढवा," ते म्हणाले, आणि ते काम त्यांनी दुसऱ्या कोणावर सोडलं नाही. रोज सकाळी घरून डबा. एका कप्प्यात तुपात भिजलेला मऊ भात, एकात बेसनाचा लाडू. समोर बसून खायला घालायचे. शब्दांत गोडवा वगैरे काही नाही.

"खा."

"पोट भरलं, ताता." ती त्यांना कन्नडातलं आजोबा म्हणायची.

"मी तुझा ताता नाही. खा."

"ताता नाही तर डबा कशाला आणता?"

"सिस्टर, हिची जीभ गार करायला किती बर्फ लागेल, लिहून ठेवा."

ती खिदळायची आणि लाडू संपवायची. दर सोमवारी मी तिचं वजन करायचे. वजनाचा आकडा पाहताना डॉक्टरांच्या तोंडावर जे यायचं, त्याला मी हसू म्हणणार नाही. पण वॉर्डातली पोरं म्हणायची. अडीच महिन्यांत पद्माचे गाल वर आले, मनगटावर वळी पडली. तिच्या आईने दृष्ट काढली. डॉक्टर म्हणाले, "आता तयार आहे."

त्या दिवशी टबात तिला फार वेळ लागला. पारा उतरेचना. बर्फ दोनदा वाढवला. बत्तीस झाले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "चला." सहा जण बाजूंनी, ते डोक्याकडे. सहा पावलं. पाचव्या पावलाला त्यांचा उजवा गुडघा वाकला. अगदी किंचित. तुम्ही तिथे असता तर तुम्हाला दिसलंही नसतं. आम्हाला दिसलं, कारण दर गुरुवारी त्यांनीच आम्हाला ते बघायला शिकवलं होतं. झोळीचं डोक्याकडचं टोक एक इंच खाली गेलं आणि वर आलं.

टेबलावर पाऱ्याने एकतीस दाखवले. तीस. एकोणतीस. सर्जन छाती उघडत होते. अठ्ठावीस. मग सत्तावीस आणि थोडं, आणि पडद्यावर गिरगटा.

पुढचा सव्वा तास मी मिनिटामिनिटाला लिहिला आहे. इथे लिहीत नाही. दाबणं, कोमट पाणी, झटका, पुन्हा दाबणं. सर्जनांचे हात थकले की हाउस सर्जनांचे. शेवटी सर्जन मागे सरकले, मोजे काढले आणि कोणाशीही न बोलता बाहेर गेले.

डॉक्टर तिच्या डोक्याशीच उभे होते. त्यांनी विचारलं, "धक्का कोणी दिला?"

सवयीने विचारलं असावं. सहा जण जमिनीकडे बघत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं, "धक्का कोणी दिला?"

मी म्हटलं, "तुमचा पाय, डॉक्टर. पाचव्या पावलाला."

मराठीत म्हटलं, म्हणजे बाकीच्यांना कळू नये. पण सगळ्यांना कळलं.

"सरी," ते म्हणाले. "लिहा."

मी लिहिलं. दोन वर्षं ज्याने मला पोत्यांवरून बोलणी ऐकवली, त्याचं नाव त्या रकान्यात लिहिताना माझं अक्षर नेहमीपेक्षा सुबक आलं आहे. आजही तो कागद काढला की ते दिसतं.

त्यांनी कोपऱ्यातलं फडकं घेतलं. टबापासून टेबलापर्यंत सांडलेलं पाणी गुडघ्यांवर बसून पुसलं. कोणी पुढे झालं नाही. त्या नव्या नर्सने, जिला चार वेळा म्हणायला लावलं होतं, पाय उचलून त्यांना तिथलीही जागा दाखवली. ते टेबलाला धरून उठले आणि मोठ्याने, आम्हाला शिकवलं होतं तसंच म्हणाले, "माझ्या हातून मूल गेलं."

मग निघून गेले. राजीनामा दुसऱ्या दिवशी पोहोचला. व्हरांड्यात पद्माच्या आईला काय सांगायचं ते काम माझ्याकडे आलं. तिच्या हातात डॉक्टरांचा आदल्या दिवशीचा रिकामा डबा होता, धुऊन ठेवलेला. तो परत द्यायचा म्हणून ती थांबली होती.

यानंतर सहा-सात महिन्यांनी हृदयाचं यंत्र येणार असं ठरलं, आणि जुन्या तक्त्यांची एक स्वच्छ प्रत मागितली गेली. मी बसले. नुसती नक्कल करणं मला जमत नाही. एकीकडे टबातून काढतानाचा आकडा, दुसरीकडे सगळ्यात खालचा आकडा, त्यांची वजाबाकी करून मी एक नवा रकाना केला, 'उतार'. मग सगळ्या केसेस वजनाच्या क्रमाने लावल्या.

काडीसारखी मुलं बाहेर काढल्यावर दीड-दोन अंश उतरली होती. गुबगुबीत मुलं चार, कधी साडेचार. चिकपेटचा मुलगा सव्वाचार. पद्मा साडेचार. जाड भांडं बर्फातून काढलं तरी कितीतरी वेळ गार राहतं, तसं होतं ते. अंगावरची चरबी हळूहळू गार होते, आणि एकदा झाली की तो गारवा आत सोडत राहते. हृदय थरथरलं ते प्रत्येक वेळी अठ्ठावीसच्या खाली गेल्यावर. आणि तीन बारीक मुलांच्या उचलण्यात झोळी चांगली हलली होती. मला आठवत होतं, कारण तेव्हा मी गप्प बसले होते आणि रकान्यात 'नाही' लिहिलं होतं. त्या तिघांना काहीही झालं नव्हतं.

धक्क्याचा संबंध नव्हता.

मी तो कागद घेऊन त्यांच्या घरी गेले. चांगली बातमी घेऊन चालले आहे, असं मला वाटत होतं. चिकपेटच्या मागे, कापडाच्या गोदामांच्या वर त्यांचं घर. दार त्यांच्या बायकोने उघडलं. ते खिडकीशी बसले होते. आणखी वाळले होते.

"या, सिस्टर. कोणाला मारून आलात?"

मी कागद पुढे केला. "तुमचा पाय नव्हता, डॉक्टर. बघा. मुनियप्पाचीही टाच नव्हती."

त्यांनी चष्मा लावला. एकेका ओळीखाली बोट धरून वाचलं. 'उतार'वर थांबले. मागे जाऊन वजनं पाहिली. मी उभीच होते, बसा म्हणायचं ते विसरले.

"बत्तीसला काढायचं, हे कोणी ठरवलं होतं?"

"तुम्ही."

"सगळ्यांना सारखं."

"हो."

"आणि हिला खायला कोणी घातलं?"

आत त्यांच्या बायकोने भांडी लावायची थांबवली होती.

त्यांनी कागद घडी करून मला परत दिला. कडा जुळवून, अगदी नीट.

"सिस्टर, धक्का बरा होता," ते म्हणाले. "गुडघ्याचं म्हातारपण होतं ते. हे माझं डोकं आहे."

मी काहीतरी म्हणणार होते. त्यांनी हात वर केला. "जाड मुलांना चौतीसला काढा. साडेतेहतीस नाही, चौतीस. उद्या केस आहे?"

"परवा."

"मूल कसं आहे?"

"गोल आहे."

"मग चौतीस." जिन्यापर्यंत आले तेव्हा म्हणाले, "मुनियप्पा अजून बर्फ आणतो?"

"सहाला. मागच्या दाराशी."

केसच्या दिवशी सकाळी सहाला मी मागच्या दाराशी लाद्या मोजत होते. डॉक्टर आले. धोतर, कोट, पायांत जुने पंप शू. मुनियप्पाने गाडी टेकवली आणि पहिल्या लादीवरचं गोणपाट काढलं. डॉक्टर गाडीपाशी गेले. काय म्हणायचं ते त्यांनी ठरवून आणलं असणार. त्याऐवजी ते वाकले आणि लादीच्या दुसऱ्या टोकाला दोन्ही हात लावले, उचलू लागण्यासाठी.

मुनियप्पाने त्यांच्याकडे पाहिलं. कामावरून गेल्यापासून पहिल्यांदा.

"बेडा, सार," तो म्हणाला. नको. "हात काढा. धक्का लागेल."

अगदी अदबीने म्हणाला. दारातल्या दोन आया हसल्या.

डॉक्टरांनी हात काढले. मुनियप्पाने लादी एकट्याने खांद्यावर घेतली आणि आत नेली. मग दुसरी. मग तिसरी. डॉक्टर भिंतीला पाठ लावून, ओले तळहात अंगापासून लांब धरून, बाराही लाद्या आत जाईपर्यंत उभे राहिले. मधे एकदा त्यांचा गुडघा वाकला, त्यांनी भिंत धरली. कोणी त्यांच्याकडे गेलं नाही. मीही मोजणं सोडलं नाही.

शेवटची लादी ठेवून मुनियप्पाने गोणपाटं गोळा केली आणि गाडी वळवली. गाडीला वाट हवी होती, म्हणून डॉक्टर बाजूला झाले. मग तेही गेले. त्यानंतर ते इस्पितळात आले नाहीत. वर्षभराने गेल्याचं कळलं, तेही तेरावं उलटून गेल्यावर.

त्या दिवशीचं मूल चौतीसला काढलं. तिसावर थांबलं. हिरवी रेघ शेवटपर्यंत एकसारखी वर-खाली चालली.

तक्ता माझ्याकडे आहे. बर्फ: बारा लाद्या, वेळेवर. आणणारा: मुनियप्पा. धक्का: नाही.